खरवडलेली खूण

माझ्या प्रयोगवहीतल्या एका पानावर पाच नोंदी आहेत. तामलवाडीकडून परतताना तुळजापूरचा घाट चढायला अप्पांच्या मोटारसायकलला किती वेळ लागला, एवढेच त्यांत लिहिले आहे. आकडे अचूक आहेत. घड्याळ कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांकडून मागून आणलेले होते आणि ते मी दोनदा पडताळून घेतले होते. पहिल्या तीन नोंदींवर ‘जाळ्यांसह’ असे लिहिले आहे, शेवटच्या दोहोंवर ‘जाळ्यांविना’. ज्यांनी त्या जाळ्या घडवल्या आणि ज्यांच्याकडून मी त्या काढवून घेतल्या, त्या दस्तगीरचाचांचे नाव त्या पानावर नाही. ते तिथे असायला हवे होते हे मला लवकरच कळले. लिहायला मात्र इतकी वर्षे लागली.

आमच्या गावाचे नाव कागदोपत्री उस्मानाबाद आणि बाजारात धाराशिव. कोर्टामागच्या उतारावर चाचांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक पत्र्याचे छप्पर, एक ऐरण आणि एक शेळी. मूळचा धंदा पत्रेकामाचा. कंदील, चिमण्या, नरसाळी, झारे. निजामाचे संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर नवी सरकारी खाती आली आणि त्यांच्या मागोमाग लष्करी लिलावातल्या जुन्या विलायती मोटारसायकली आल्या. त्यांचे सायलेन्सर गंजून गळून पडत आणि दुसरे मिळण्याची सोय नव्हती. तेव्हा चाचांनी तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून पहिला सायलेन्सर बनवला. तो कसा बनवायचा हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. एक मोडका विलायती सायलेन्सर त्यांनी उभा चिरला, आठवडाभर समोर ठेवून नुसता पाहिला, आणि मग कात्री उचलली.

चाचा ठेंगणे होते. डावी भुवई ब्लो-लॅम्पने कधीतरी जाळली होती ती पुन्हा उगवलीच नाही, त्यामुळे त्यांचा चेहरा नेहमी अर्धवट आश्चर्यचकित दिसे. तोंडाच्या एका कोपऱ्यात पत्रे जोडायच्या चार-पाच रिबिटा धरून ठेवण्याची त्यांना सवय होती. बोलणे दुसऱ्या कोपऱ्यातून चाले आणि ते तुटक असे. महत्त्वाचे काही सांगायचे असले की मात्र ते रिबिटा काढून तळहातावर घेत. त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्या शब्दांआधी त्यांच्या हाताकडे पाही.

“धूर सरळ पळाला की वरडतोय,” मी शाळेत असताना त्यांनी मला समजावले होते. “त्याला वळणं द्यायची. वळत वळत गेला की गप जातोय.” नळकांड्याच्या आत ते तीन जाळ्या बसवत. जाळी म्हणजे पत्र्याची गोल चकती, तिला खिळ्याने पाडलेली भोके. एकीचे भोक दुसरीच्या भोकासमोर येऊ द्यायचे नाही, हा त्यांचा नियम. काम पुरे झाले की नळकांड्याच्या टोकाशी पोगराने, म्हणजे ठसे उठवायच्या टोकदार खिळ्याने, खूण ठोकत: वर एका ओळीत चार ठिपके, खाली मधोमध एक. कंदील असो वा सायलेन्सर, खुणेशिवाय त्यांच्या हातून वस्तू बाहेर पडत नसे.

“ह्या चार माझ्या लेकी,” ते म्हणत, “आन् ही खाली त्यांना पेलणारी त्यांची माय.”

“आणि तुम्ही कुठे, चाचा?”

“मी ठोकणारा!”

सायलेन्सरची परीक्षा शेळी घेई. तिचे नाव राणी, पण चाचा तिला इन्स्पेक्टरीण म्हणत. तिला चारा घालून, ती रवंथ करायला बसली की तिच्यापासून चार हातांवर गाडी चालू करायची. रवंथ चालू राहिला तर सायलेन्सर पास. जबडा थांबला तर नळकांडे पुन्हा उघडायचे. एकदा एका साहेबांची गाडी शेळीने तीनदा नापास केली. साहेब चिडले, “अहो, शेळीला काय कळतं?” चाचांनी रिबिटा हातावर घेतल्या आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, “साब, ती तुमाला वळकत न्हाय, म्हनून तुमची भीड धरंना.”

या शांततेच्या हट्टामागचे कारण त्यांनी मला एकदाच, एका वाक्यात सांगितले. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत ते चार लेकींसह दोन दिवस ज्वारीच्या रिकाम्या पेवात, जमिनीखाली, बसून होते. “वरून मोटारी जायच्या. गाडी गेली का थांबली, एवढंच आवाजावरून कळायचं.” तेवढे बोलून त्यांनी रिबिटा पुन्हा तोंडात टाकल्या. मी पुढे काही विचारले नाही. तेव्हा ते मला एक कुतूहलजनक निरीक्षण वाटले होते.

जाळी काढून मागणारी गिऱ्हाइके त्यांच्याकडे येत. ईट गावच्या एका सधन घरातला मुलगा नवी गाडी घेऊन आला होता. बाजारातून जाताना लोकांनी वळून पाहावे एवढीच त्याची इच्छा. चाचांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. “तुला तोंड हाय की रे वरडाया. गाडीचं कशाला फाडायलास?” मुलगा म्हणाला, “चाचा, सोलापुरात काढून देतात.” “मग सोलापुरात खूण बी त्यांचीच ठोकून घे,” चाचा म्हणाले आणि कंदिलाची काच पुसू लागले.

माझे वडील, अप्पा, जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मोटारसायकलचा सायलेन्सर चाचांनी सर्वांत जास्त मेहनतीने केला होता, कारण त्या गाडीला आजारी जनावरांच्या दाराशी जायचे होते. तिचा आवाज जात्यासारखा खोल आणि सारखा होता. तो ऐकला की गावातले लोक गुरे सोडून रस्त्याकडेला आणून उभी करत. गुरे मान वर करत नसत. अप्पा आणि चाचा यांच्यात फारसे बोलणे होत नसे. मात्र अप्पा दुकानाशी गाडी थांबवून नुसते उभे राहत, चाचा लाकडी काठीचे एक टोक इंजिनला आणि दुसरे आपल्या दातांना लावून ऐकत, आणि मान हलवत. झाले. एकाचा दुसऱ्यावर विश्वास इतका संपूर्ण होता की त्याला शब्द लागत नसत. पुढे मी जे केले, ते याच गोष्टीमुळे शक्य झाले.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते. आमच्या घराण्यातली मुलगी इतकी शिकू नये असे सर्वांचे मत. अप्पा एकटे माझ्या बाजूने. त्यांची अट एकच होती, आणि ती त्यांनी चाचांच्या दुकानात उभे राहून, चाचांच्या देखत सांगितली होती: “ज्या दिवशी तुझ्यामुळे मला मान खाली घालावी लागेल, त्या दिवशी कॉलेज बंद.” मला एम.एस्सी. करायचे होते. त्यासाठी प्राध्यापकांची शिफारस हवी होती, आणि शिफारशीसाठी स्वतः केलेल्या प्रयोगावर एक निबंध लिहायचा होता. घाटात अप्पांची गाडी दमायची. पुस्तकात मी वाचले होते की धुराला अडथळा झाला की इंजिनाची शक्ती खर्ची पडते. विषय डोळ्यांसमोर होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अप्पांच्या मागे बसून तीन फेऱ्यांत तीन नोंदी घेतल्या. चौथीपूर्वी अप्पा भूमकडे खुरकुतीच्या साथीवर जीपने गेले आणि गाडी घरी राहिली. मी ती शेजारच्या माणसाकडून ढकलवत चाचांच्या दुकानी नेली.

“जाळ्या काढायच्या आहेत, चाचा.”

“साफ कराया?”

“नाही. कायमच्या.”

ते हसले. मी खडूने त्यांच्या फरशीवर आकृती काढली, दाबाचे बाण दाखवले, गणित मांडले. त्यांनी सगळे नीट पाहिले. मग रिबिटा हातावर आल्या.

“बेटी, तुझं बरूबर असंल. चढताना पळंल गाडी. पर चढ हाय तिथं उतार बी हाय. उतारावर मूठ सोडली की फटाकं वाजवंल. डॉक्टरसाब जनावरांचे डॉक्टर हायत, वरातीचे न्हायत.”

मला हसू आले नाही. मी म्हटले, “चाचा, हे शास्त्र आहे. शेळीच्या जबड्यावरून ठरवायची गोष्ट नाही ही.”

हे वाक्य मी उच्चारले तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइके होती. ती हसली. चाचा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. राणीकडे पाहत राहिले. नक्को, म्हणून त्यांनी मान हलवली. तेव्हा मी म्हणाले, “अप्पांनीच सांगितलंय.”

“डॉक्टरसाब म्हनले?”

“हो.”

“सोता म्हनले?”

“हो.”

दोनदा विचारले, दोनदा मी उत्तर दिले.  त्यांनी टोकाची टोपी छिन्नीने उघडली, तिन्ही जाळ्या ओढून काढल्या, टोपी पुन्हा झाळून बसवली. मग कानस घेतली आणि चार ठिपके अन् एक ठिपका घासून काढला. पत्र्यावर अंगठ्याएवढा चकचकीत डाग राहिला.

“खूण का काढलीत?”

“हे आता माझं न्हाय,” ते म्हणाले. जाळ्या सुतळीत ओवून त्यांनी माझ्या हाती दिल्या. “ठेव. लागतील.”

अप्पा परतले, त्यांनी गाडी चालू केली आणि दचकले. मी तयारीत होते. “जाळ्या कुजल्या होत्या. चाचा म्हणाले, नसल्या तरी चालतील, उलट चढाला बरं पडेल.” अप्पा म्हणाले, “दस्तगीरभाई म्हणाले तर ठीकच असेल.” त्यांनी चाचांना विचारले नाही. चाचांनीही अप्पांना विचारले नाही. पडताळणी करावी असे त्या दोघांपैकी एकालाही वाटले नाही, कारण माझ्या असत्यावर प्रत्येकाला दुसऱ्याचे नाव दिसत होते.

चौथी नोंद उत्तम आली. घाट आधीपेक्षा एकोणीस सेकंद लवकर चढून झाला. त्याच दिवशी जाताना उतारावर गाडीने चार-पाच वेळा फट्ट असा आवाज काढला होता. प्रयोग चढाचा असल्याने मी ते वहीत लिहिले नाही.

पुढच्या आठवड्यात तामलवाडीला गुरांना लस टोचायची होती. गावाबाहेर लिंबाच्या झाडांखाली लोक गुरे धरून ओळीने उभे होते. अप्पांनी वेग कमी करण्यासाठी मूठ सोडली आणि गाडीने बंदुकीसारखे दोन बार काढले. सबंध ओळ उधळली. शिवलिंगप्पा नावाच्या शेतकऱ्याने बैलाचे दावे पंजाला दोन वेढे घालून धरले होते. बैल अंगावर येऊ नये म्हणून सगळेच तसे धरतात. बैलाने त्याला बांधापर्यंत ओढत नेले. दावे सुटले तेव्हा दोन बोटे केवळ कातडीवर लोंबत होती. “यप्पा, यप्पा” असा कानडीतला त्याचा आकांत मी अजून विसरलेले नाही. अप्पांनी स्वतःच्या धोतराची पट्टी फाडून बांधली आणि त्याला मिळालेल्या पहिल्या एस.टी.ने सोलापूरला धाडले.

आम्ही परत निघालो.  घाटाच्या पायथ्याशी मी घड्याळाची कळ दाबली.

ती पाचवी नोंद आहे. तीही अचूक आहे.

दहा-बारा दिवसांनी तामलवाडीचे चार जण शिवलिंगप्पाला घेऊन चाचांच्या दुकानी आले. अप्पांना बोलावणे आले. मीही त्यांच्या मागे गेले आणि गाडीपाशी उभी राहिले. शिवलिंगप्पाचा हात गळ्यात बांधलेला होता. तो शांतपणे म्हणाला, “आमाला भरपाई नको, डॉक्टरसाहेब. तुमची गाडी आमच्या गुरांच्या वळखीची होती. ती आशी कशानं झाली, तेवढं सांगा.”

अप्पांनी चाचांकडे पाहिले. “दस्तगीरभाई, जाळ्या काढल्या तर चढाला बरं पडेल, असं तुम्हीच म्हणालात ना?”

“मी?” चाचा म्हणाले.

शिवलिंगप्पाचा मेहुणा तोवर गाडीशी वाकला होता. “आमच्या घरात ह्याचा कंदील हाय. त्याच्यावर पाच ठिपके हायत. हितं का न्हाय?” त्याने बोटाने तो चकचकीत डाग दाखवला. “हितं व्हती खूण. कानशीनं घासलीय. म्हंजी ह्याला ठाव होतं! आपलं नाव येऊ ने म्हनून आधीच पुसून ठिवलं!”

गर्दी जमली होती. कोणीतरी मागून म्हणाले, “ह्यांचं आसंच आस्तंय.” त्या वर्षांत त्यांच्या नावाच्या माणसाविषयी एवढे म्हटले की पुरत असे.

खूण का घासली गेली हे जगात दोन माणसांना ठाऊक होते. त्यांतली एक गाडीच्या हँडलला धरून उभी होती. मला बोलायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य माझ्याकडे तयार होते. मी त्याची रचनासुद्धा मनाशी केली होती. चाचांनी माझ्याकडे पाहिले. जळालेल्या भुवईमुळे त्या चेहऱ्यावर आश्चर्य नेहमीचेच होते, तरी त्या क्षणी त्यांना सगळा हिशोब लागला हे मला दिसले. त्यांनी रिबिटा काढून तळहातावर घेतल्या. त्या एकदा मुठीत दाबल्या.

“हौ, साब,” ते अप्पांना म्हणाले. “मीच म्हनलो. चुकलं माझं.”

अप्पांनी मान खाली घातली. चाचांसाठी.

दुसऱ्या दिवशी मी दुकानी गेले. काय बोलावे ते ठरवले नव्हते. चाचाच म्हणाले, “डॉक्टरसाबांनी कालिज बंद केलं असतं न्हवं?”

“हो.”

“मग झालं.”

आणि ते पत्रा कापू लागले. मला वाटले, मला क्षमा मिळाली. किती सोयीस्कर निष्कर्ष! त्यांनी फक्त एक गोष्ट वाचवली होती. ती वाचवण्याच्या लायकीची होती की नाही याबद्दल ते काहीही बोलले नव्हते.

कंदील परत येऊ लागले. कोणी भांडले नाही. लोक फक्त दुसरीकडे जाऊ लागले. मोटारसायकलवाले सोलापूरला जात. अप्पांनी गाडी विकली आणि सायकलवर फिरू लागले. चाचांच्या दुकानावरून जाताना ते उतरत नसत. माझा निबंध वाखाणला गेला, शिफारस मिळाली, मी हैदराबादला गेले. तिथे ध्वनीच्या अभ्यासात मला कळले की जाळ्यांमधली अंतरे आणि भोकांचा आकार नीट साधला, तर आवाज मरतो आणि शक्ती फारशी मरत नाही. सुट्टीत घरी आल्यावर मी ट्रंकेतल्या त्या तीन जाळ्या काढून मोजल्या. भोके पहिल्या जाळीत मोठी, दुसरीत मध्यम, तिसरीत लहान, अंतरे क्रमाने कमी. एका शेळीच्या जबड्यावर विसंबून तो माणूस तिथे पोचला होता. आणि माझे एकोणीस सेकंद? पहिल्या तीन नोंदी मे महिन्यातल्या भर दुपारच्या होत्या. चौथी, पाऊस पडून गेल्यानंतरच्या गार सकाळची. गार हवेत इंजिन असेही जोमाने चढते. त्या एकोणिसांतले जाळ्यांचे किती होते, ते मी आज सांगू शकत नाही. पाचवी नोंद भर उन्हातली होती, आणि तिच्यात वाचलेले सेकंद अवघे चार होते. हा फरक मी निबंधात सरासरी काढून झाकला होता.

आता मी एका प्रयोगशाळेत नोकरी करते. गेल्या दिवाळीत धाराशिवला गेले तेव्हा जाळ्या पिशवीत घालून चाचांच्या दुकानी गेले. छप्पर तेच होते. राणी नव्हती, तिची नात असावी अशी एक करडी शेळी खुंट्याशी बसून रवंथ करत होती. चाचा नरसाळी बनवत होते, रॉकेल ओतायची साधी नरसाळी. माझ्याकडे पाहून ते मोकळेपणाने हसले, बसायला पिंप सरकवले, नोकरीचे विचारले. मी जाळ्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

त्यांनी त्या सुतळीतून सोडवल्या. एकेक जाळी उजेडाकडे धरून भोकांतून पाहिले. एका भोकाची कड अंगठ्याने चाचपली.

“चांगल्या हायत की अजून.”

“चाचा, मी चुकले होते. गणितातही, आणि...”

रिबिटा तळहातावर आल्या. मी थांबले.

“डॉक्टरसाबांना सांगितलंस?”

अप्पा निवृत्त झाले होते. दुकानापासून पाचशे पावलांवर, आमच्या ओसरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. माझे शिक्षण पुरे झाले होते, नोकरी पक्की होती, कोणी काही बंद करू शकत नव्हते.

“नाही,” मी म्हणाले.

चाचांनी मान हलवली. इंजिन ऐकल्यावर हलवत तशी. मग तिन्ही जाळ्या पूर्वीच्याच क्रमाने, मोठ्या भोकांची आधी, सुतळीत ओवल्या, गाठ मारली आणि माझ्या हातात दिल्या.

“मग ठेव अजून.”

त्यांनी रिबिटा तोंडात टाकल्या. पुरे झालेले नरसाळे मांडीवर घेतले, कडेशी उलटे केले आणि सवयीने पोगर उचलून तिथे टेकवला. हातोडी वर गेली. तिथेच थांबली. मग त्यांनी पोगर बाजूला ठेवला, नरसाळे फडक्याने पुसले, आणि तसेच, बाकीच्या बिनखुणेच्या नरसाळ्यांच्या ओळीत मांडले.